आनंदाची बिनइंजिनाची फियाट

आनंदा तांबेबद्दल माझ्या तोंडून चांगलं ऐकायचं असेल तर जरा कळ काढावी लागेल. मला त्याचा हेवा वाटतो. वाटायचा असं नव्हे, अजूनही वाटतो. डिलाईल रोडच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर आम्ही दोघं वाढलो. वयात सहा महिन्यांचं अंतर. शेजाऱ्याचा हेवा करण्यात एक सोय असते, तो रोज समोर दिसतो.

मी दत्ताराम परब. चाळीच्या फाटकाला लागून माझं गॅरेज आहे, चाळीस वर्षांचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आत काय बिघडलंय ते मी सांगतो. लालबागपासून वरळीपर्यंतचे जुने फियाटवाले माझ्याकडे यायचे. आनंदा गोदीतल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्त करायचा. माल उचलणारी ती बुटकी, बॅटरीवर चालणारी गाडी. ना धूर, ना आवाज. मी तिला गाडीच मानत नसे आणि तिच्या दुरुस्तीला काम मानत नसे. हे त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो हसला होता.

माणूस तसा साधा. कामाला बसतानाही शर्ट इस्त्रीचा. बॅटरीला हात लावण्याआधी अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून स्टीलच्या डब्यात ठेवणार, डब्याला झाकण लावणार आणि मग पाना उचलणार. धातू चुकून दोन तारांना लागला तर बोट जातं म्हणे. एकतीस वर्षांत त्याने हा नेम मोडला नाही. दुसरी सवय म्हणजे, त्याला एखादी गोष्ट येत नसेल तर तो "मला येत नाही" असं म्हणतो. मोठ्याने, चारचौघांत, पोराटोरांसमोरसुद्धा. माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात हे तीन शब्द मी एकदाही उच्चारले नाहीत. मिस्त्रीने तसं म्हटलं की गिऱ्हाईक गेलं, असं मला शिकवलं होतं.

आनंदाची एक फियाट होती. सेकंडहँड घेतलेली, दुधी रंगाची. बावीस वर्षं तिचं इंजिन मी सांभाळलं. दोनदा पूर्ण उतरवून बांधलं. गेल्या वर्षी तो रिटायर झाला तेव्हा तिसऱ्यांदा बांधायची वेळ आली होती. मी तयारच होतो. तर हा म्हणतो, "दत्ता, इंजिन काढूनच टाकू या का? गोदामातली एक मोटर भंगारात निघालीय. बसवतो गाडीत. बघू काय होतंय."

"फियाटमध्ये फोर्कलिफ्टची मोटर? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"जमेल रे. पण इंजिन उतरवायला तूच पाहिजेस. मला येत नाही."

उतरवलं. काय करणार? श्रावणातल्या एका रविवारी चेनकप्पी लावून माझ्या हातचं इंजिन मीच बाहेर काढलं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. चाळीतली माणसं बघायला उभी होती. त्यांत माझी मुलगी नम्रता होती.

नम्रताने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आहे, लोअर परळच्या एका कंपनीत टेस्टिंगला असते. पंधरा वर्षांची होती तेव्हा एकदा गॅरेजमध्ये आली होती, बाबा, मला कार्बोरेटर उघडायला शिकवा म्हणून. मी म्हटलं होतं, "जा घरी, हात काळे होतील." त्यानंतर ती आली नाही. दसऱ्याला मात्र यायची. हत्यारांची पूजा असते, तेव्हा टेबलावरच्या वाईसभोवती, त्या लोखंडी शिकंज्याभोवती, रांगोळी तीच काढायची. तेवढंच आमचं गॅरेजमधलं नातं.

त्या रविवारी आनंदाने सहज विचारलं, "नमू, ह्या मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर आमच्या वेळचा नाही गं. मला येत नाही. तू बघतेस?"

झालं. पोरगी दर रविवारी सकाळी नऊला खाली. ती, आनंदा आणि गाडी. वरून गॅलरीतून मला सगळं दिसायचं. वायरी कापताना तिचं डोकं त्याच्या डोक्याला लागलेलं. दोघं हसताहेत. कधी ती त्याला समजावतेय आणि तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवतोय. एक दिवस ती घरात मिक्सरची वायर जोडायला बसली आणि आधी कानातलं, बांगडी, घड्याळ काढून डब्यात ठेवलं. डब्याला झाकण लावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं माझ्या घरात वाढलेली मुलगी, आणि सवय उचलली ती आनंदाची!

मला जेवण जाईना. सुचित्रा, माझी बायको, मालवणची. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"तुमका नेमका खंय दुखता?" तिने विचारलं.

"कुठे काय?"

"माका ठावक आसा खंय दुखता ता," ती म्हणाली आणि पुन्हा ताटाकडे वळली.

गणपती झाल्यावर चाळीच्या कमिटीची मीटिंग होती. मी उठून बोललो. आवारात बॅटऱ्या चार्ज करणार, उद्या आग लागली तर कोण जबाबदार? म्हाताऱ्या माणसांनी जिन्यावरून पळायचं कसं? छान बोललो. माणसं घाबरली, ह्याचं मला समाधान वाटलं. मग आनंदा उठला. म्हणाला, "दत्ता बरोबर बोलतोय. माझ्या ध्यानात नव्हतं आलं." पुढच्या आठवड्यात त्याने स्वतंत्र मीटर घेतला, वाळूच्या चार बादल्या ठेवल्या, आग विझवायचं नळकांडं भिंतीला लावलं, आणि त्याशेजारी पाटी लिहिली, 'सूचना : श्री. दत्ताराम परब'. जो तो मला म्हणायला लागला, काय दत्ताभाऊ, तुमच्यामुळे सोय झाली! मी हसायचो. दातांनी.

दसऱ्याला मी सकाळी आठलाच हत्यारं मांडली. पाने, पकडी, हातोडे, धुऊन, तेल लावून. झेंडूचे हार आणले. नम्रता नव्हती. खाली आवारात गाडीखाली झोपलेली, नुसते पाय दिसत होते. मी हाक मारली नाही. मीच रांगोळी काढायला बसलो आणि ठिपक्यांचा सत्यानाश केला. एवढ्यात ती धावत आली, हात पुसत.

"सॉरी बाबा, उशीर झाला. काका ओरडले मला. म्हणाले, आधी बाबांच्या हत्यारांची पूजा, मग आपलं काम."

म्हणजे आली ती त्याच्या सांगण्यावरून! आनंदा स्वतः पूजा करत नाही. त्याच्या घरी त्या दिवशी बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागते आणि दारी पंचशील ध्वज. तरी माझी पूजा त्याच्या लक्षात. ह्या माणसावर रागावायला साधं निमित्तही मिळत नाही आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तिने सुंदर रांगोळी काढली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी नम्रता मला बोलवायला वर आली. मोटर गिअरबॉक्सला जोडून झाली होती.

"बाबा, एकदा खाली येऊन नजर टाकाल? पुढच्या रविवारी ट्रायल घेतोय. वायरिंगचं आम्ही बघतो, पण हा भाग तुमचा."

मी गेलो. बॉनेटमध्ये वाकलो आणि एका क्षणात मला दिसलं.

गिअरबॉक्समधून एक दांडा पुढे येतो. त्याचं टोक इंजिनाच्या पोटात, गनमेटलच्या एका छोट्याशा बुशात बसतं. अंगठ्याएवढा बुश, पण तोच दांड्याला मधोमध धरून ठेवतो. इंजिन काढलं की बुश इंजिनाबरोबर जातो. ह्यांनी दांडा थेट मोटरला जोडला होता. टोक अधांतरी. फोर्कलिफ्टवाल्याला हे कळायचं कारण नव्हतं, कंट्रोलरवालीला तर नाहीच. गाडी सुरू झाली की दांडा थरथरणार, मग किंचाळणार, आणि पाच-दहा मिनिटांत गिअरबॉक्सचे दात खाणार. चाळीसमोर, सगळ्यांच्या देखत.

"बरोबर वाटतंय ना, बाबा?" नम्रताने विचारलं.

आनंदा शेजारी उभा होता. हात पुसत होता.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. ह्याला बुश लागेल. बस्स. पण माझ्या डोळ्यांपुढे पुढचा रविवार उभा राहिला. आनंदाची गाडी बंद पडलीय, माणसं हसताहेत, आणि माझी मुलगी माझ्याकडे वळून म्हणतेय, बाबा, आता तुम्हीच बघा. ते चित्र मला इतकं गोड वाटलं की जीभ रेटेना.

"ठीक आहे," मी म्हणालो आणि वर आलो.

सोमवार बरा गेला. मंगळवारी मात्र गॅरेजच्या कोपऱ्यातलं ते इंजिन माझ्याकडे बघायला लागलं. बुधवारी एका गिऱ्हाइकाने जुना प्लग नवा म्हणून लावणाऱ्या कुठल्याशा मिस्त्रीची गोष्ट सांगितली, माणसं कशी फसवतात बघा म्हणाला, आणि मी त्याच्यावरच खेकसलो. मी लबाड मिस्त्री नाही. कधीच नव्हतो. गाडी बघून गप्प बसलो ते चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही स्वतःच्या मुलीसमोर. तरी शुक्रवारपर्यंत खाली जाऊन सांगितलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मी.

शनिवारी दुपारी शेवटी शटर ओढलं. इंजिनातला जुना बुश काढला, मापं घेतली आणि करी रोडला माधवच्या गाळ्यात गेलो. माधव जुना टर्नर. त्याला बाजूला सारून लेथवर मी स्वतः उभा राहिलो. तीन बुश वाया घालवले. चौथा असा झाला की बोटावर फिरवला तर पाण्यासारखा फिरावा. इतकं सुबक काम मी गेल्या दहा वर्षांत केलं नव्हतं. वाटेत मनातल्या मनात वाक्यं जुळवत आलो. सुरुवात 'नमू, माझं चुकलं' अशी करायची ठरवली. मग ती बदलून 'नमू, एक गोष्ट राहिली होती' अशी केली.

घरी आलो तर ती मैत्रिणीकडे गेलेली. म्हटलं, बरं झालं. सकाळी सांगू, ट्रायलच्या आधी.

रविवारी साडेनऊला सुती फडक्यात बुश गुंडाळून खाली गेलो. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चाकं अधांतरी. मोटर गिअरबॉक्सपासून सुटी करून बाजूला ठेवली होती. नम्रता गाडीखाली आणि आनंदा तिला टॉर्च दाखवतोय. त्याच्या तळहातावर एक नवाकोरा बुश होता.

मी तिथेच थांबलो. हातातलं फडकं लपवायचा विचार आला, पण नम्रता तोवर बाहेर आली होती. नाकाला ग्रीस लागलेलं. तिने फडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं. जुळवलेली वाक्यं सगळी गेली.

"तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात तेव्हा गाडीकडे बघत होतात, बाबा. माझ्याकडे नाही." ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. "म्हणून सोमवारी रात्री तुम्ही जेवायला वर गेलात तेव्हा गॅरेजमध्ये गेले. इंजिनात हात घालून बघितलं, दांडा कुठे बसत होता ते."

"सोमवारीच?"

"सोमवारी. काका म्हणाले, थांबू या, दत्ता सांगेल. बुधवारपर्यंत थांबलो. गुरुवारीही काका म्हणत होते, अजून एक दिवस. मग मीच ऑफिसजवळ करून घेतला."

आनंदाने टॉर्च बंद केला आणि उगाचच वाळूच्या बादल्यांपाशी जाऊन उभा राहिला. माझी मान खाली गेलेली त्याला बघायची नव्हती. त्या वेळीसुद्धा मला त्याचा हेवा वाटला.

नम्रताने माझ्या हातातून फडकं घेतलं, उलगडलं. बुश बोटावर चढवून फिरवला. मग आतून नख फिरवून बघितलं, अगदी मी बघतो तसं. मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं.

"तुमचा जास्त चांगला झालाय, बाबा," ती म्हणाली आणि आनंदाच्या हातातल्या बुशाकडे बोट केलं. "पण तो वेळेवर आला."

तिने माझा बुश पुन्हा फडक्यात नीट गुंडाळला, माझ्या हातात ठेवला, आनंदाकडून दुसरा घेतला आणि गाडीखाली गेली.