कोपराला तेल

ग्रुपवरच्या आज्यांनो, सुविचार नंतर पाठवा, आधी हे वाचा.

माझी नात जेनी चिकूच्या झाडावरून पडली, उजवं कोपर मोडलं. प्लास्टर निघाल्यावर रोज मीच खोबरेल लावून हात चोळायचे, ताणायचे. ती रडली की म्हणायचे, "नखरे पुरे."

आज नालासोपाऱ्याला व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे बघून विचारलं, "मालिश कोण करतं? चोळल्याने स्नायूत हाड वाढलंय."

जेनी म्हणाली, "कोणी नाही."

मी म्हटलं, "मी."

"आता हात तिनेच हळूहळू हलवायचा, आजी. तुम्ही हात लावायचाच नाही. पूर्ण वाकेल असं सांगता येत नाही."

दुपारी जेनीचा उजव्या हातातला घास तोंडापर्यंत पोचेना. डाव्या हाताने जेवली.

मोडलेलं चोळायचं हे मला आईने शिकवलं. तुम्हाला कोणी?