वळणावर अडणारी गाडी

"गाडी आवाज करतेय," एवढं सांगून सामंतकाकांच्या तावडीतून सुटता येत नसे. "कसा? करून दाखव," असं ते म्हणायचे, आणि दाखवल्याशिवाय सोडायचे नाहीत. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत मी, दोन मुलांचा बाप, बँकेतला अधिकारी, पार्किंगमध्ये उभा राहून तोंडाने 'घुर्रर्र, कट्-कट्' करत असे आणि वॉचमन गंभीरपणे ऐकत असे. काका विचारत, "घुर्र आधी की कट् आधी? वळताना येतो का? नीट कर, लाजतोस काय!" एकदा मी इतकं मन लावून केलं, की वरून पाटीलवहिनींनी विचारलं, "भावजी, बरं वाटत नाहीये का?"

काका उंचेपुरे, आवाज खणखणीत आणि नम्रता औषधालाही नाही. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात गिअर तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला. "गाडीची चूक कधीच नसते," ते म्हणत. "कुणातरी माणसाची असते. तो शोधायचा आणि शिव्या घालायच्या." त्या शिव्यांचा मोठा वाटा माझ्याकडे येई, कारण गाड्यांच्या बाबतीत मी उत्साही आणि अडाणी, दोन्ही होतो.

त्यांची स्वतःची गाडी जुनी, उंच, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. घेतली होती कोकणातल्या घाटांसाठी. पण काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, मागोमाग मूत्रपिंडं गेली, आणि गाडीच्या नशिबी शीळफाट्यावरून ठाण्याचं डायलिसिस सेंटर आलं. चाकांची खुर्ची आणि गाडीची सीट नेमकी एका उंचीची. मध्ये फळी टाकून काका एकटेच काकूंना आत सरकवत.

एकदा गाडी दुरुस्तीला होती म्हणून टॅक्सी आणली. सीट खाली, त्यामुळे ड्रायव्हरने आणि मी काकूंना उचललं. उचललं म्हणजे ड्रायव्हरने उचललं. मी घाईत पायांऐवजी त्यांची पिशवी धरली. काकू अर्ध्या हवेत. "पोतं आहे का मी?" त्या अडखळत म्हणाल्या आणि टॅक्सीभर रडल्या. त्या दिवशी काकांनी त्यांना शब्द दिला, की पुन्हा परके हात लागणार नाहीत.

म्हणून गाडी अडायला लागली तेव्हा घरावर सावट आलं. सरळ रस्त्यावर खालून घुंघुं करी. सोसायटीच्या गेटात स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबे, कुरकुरे आणि हिसका देई. प्रत्येक हिसक्याला काकूंची मान हले. पुण्याच्या मुलाने फोनवर सांगून टाकलं, "बाबा, भंगारात द्या ती. टॅक्सी लावू आईला." काकांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली.

एमआयडीसीतल्या मोकळ्या जागेत मी चालवत होतो, ते बाहेर उभे. "काका, ही तर सरळसुद्धा अडते!" मी मोठ्या शोधाच्या आनंदात ओरडलो.

"हँडब्रेक काढ, गाढवा."

मग सिमेंटवर आठच्या आकड्यात फिरवायला लावली. प्रत्येक वळणाला अडली. बाजूच्या सैल मातीवर तशीच फिरवली, तर निमूट वळली. नंतर गॅसच्या जुन्या रबरी नळीचं एक टोक गाडीखाली लावून दुसरं माझ्या कानाला दिलं. "काय ऐकू येतं?"

"समुद्र."

त्यांनी नळी हिसकावून घेतली. पण नेहमीसारखे खेकसले नाहीत.

"वळताना पुढची चाकं जास्त चालतात, मागची कमी," ते म्हणाले. "पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं मधलं कपलिंग दोघांना थोडी ढील देतं. इथे ती ढील संपलीय. मातीत चाक घसरून सुटतं, सिमेंटवर कुठे जाणार? गाडी स्वतःशीच भांडतेय. पण हे आपोआप जाम होत नाही. कुणीतरी केलंय."

घरून काकूंच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणली. टायरना गुंडाळून मी मापं सांगत गेलो. पुढची दोन मोठी भरली, मागची दोन झिजून लहान. अशी चाकं सरळ रस्त्यावरही एकमेकांना ओढत राहतात, कपलिंगला क्षणाची उसंत नाही. "कोण हा मूर्ख? दोनच टायर बदलले!" मी काकांच्याच थाटात गरजलो. काकांनी टेप गुंडाळत सांगितलं. शीळफाट्याला टायर फुटला होता, काकू आत धापा टाकत होत्या आणि सेंटरची वेळ टळत होती. समोरच्या दुकानात जे दोन मिळाले ते पुढे घालून निघाले, आणि मागचे दोन बदलायला पुढे कधी सवडच झाली नाही.

घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "अगं, मीच मारली गाडी."

काकूंनी वाकड्या ओठांनी शब्द जुळवले. "मग आता... शिव्या... कुणाला घालणार?"

काका हसले नाहीत.

कपलिंग आता कुठे बनत नव्हतं. शेवटी वागळे इस्टेटच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, मागच्या चाकांना जोर पोचवणारा लांब शाफ्टच त्यांनी उतरवून टाकला. चार चाकांच्या जोराची गाडी दोनवर आली. काकांनी तो पडलेला शाफ्ट पायाने हळूच भिंतीकडे सरकवला. "घाटात जायचंय कुणाला आता," म्हणाले.

पण गाडी शांत झाली. त्यानंतरचे काही महिने काकू खरोखर सुखाने गेल्या-आल्या.

एका संध्याकाळी मीही मागे बसलो होतो. ठाण्याहून परतताना काकूंचा डोळा लागला. मुंब्र्याच्या उतारावर काका काहीतरी सांगू लागले, तर मीच शहाणपणाने दटावलं, "हळू काका, झोपल्यायत." त्यांनी मान डोलावली. मग घरापर्यंत कुणीच बोललं नाही.

गेटात त्यांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. गाडी लोण्यासारखी वळली. "बघ," ते कुजबुजले, "आहे काही आवाज?" आणि कौतुक बघायला म्हणून काकूंकडे वळले.

त्यांनी इंजिन बंद केलं. काकूंच्या तोंडाशी कान नेला. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मी उतरून ओरडलो असणार, कारण वॉचमन धावत आला, वरून माणसं उतरली, कुणीतरी दार उघडून हात पुढे केले.

"कुणी हात लावू नका," काका म्हणाले. त्यांनी स्वतः खुर्ची काढली, सीटला टेकवली, फळी टाकली. मग एका हाताने मान सावरत, काकूंना दुखू नये अशा बेताने, हळूहळू सरकवत त्यांना खुर्चीत घेतलं, आणि पदर नीट केला.