आई तुळशीपाशी गेली त्याची गोष्ट

कमलक्कांचे उपकार आधी सांगतो, कारण त्या नसत्या तर माझी आई अजूनही त्यांच्या तुळशीपाशीच राहिली असती. कमलक्का आमच्या शेजारच्या. मूळच्या धारवाडच्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. मी निपाणीचा, सातवीतून शाळा सोडलेला, बंगळूरला ताई-दाजींकडे राहून कारखान्यात नकाशांचे कागद कापणारा. (त्या कागदांवर काय काढतात, ते मला कुणी विचारत नाही. बरंच आहे!)

आई गेल्याची तार उशिरा मिळाली. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी. तिचं तोंड दिसलं नाही. वडील, म्हणजे अप्पा, आता आमच्याकडेच राहायला येणार, म्हणून वर्षश्राद्ध इथंच ठरलं. त्यांचं कार्ड आलं : ‘तिचा चेहरा हल्ली डोळ्यांपुढे येत नाही. थोरला फोटो करून ठेव.’

फोटो एकच. मामाच्या लग्नातला, वीस माणसांचा. आई उजव्या टोकाला, चेहरा अर्ध्या इंचाचा. स्टुडिओवाला म्हणाला, “एवढ्याशाचा मोठा केला तर नुसता धूर येईल.” मग मीच कारखान्यातला चौकटींचा रद्दी कागद आणला. फोटोतलं माप घ्यायचं, सोळानं गुणायचं, कागदावर ठिपका द्यायचा, शेवटी ठिपके जोडायचे. सोपं!

पदराच्या टोकापासून मापं घेतली. कागद उंचीला कमी पडला, म्हणून रुंदी सोळापट ठेवली आणि उंची दहापट केली. चेहरा आडवा पसरला. ताईनं बघितलं आणि डोक्याला हात लावला.

“ही आई नव्हे रे! ह्या तर आत्याबाई!”

(जन्मभर आईचं जिच्याशी पटलं नाही, तिलाच हार घालायची पाळी!)

दाजी म्हणाले, “मापं कोपऱ्यातनं घ्यायची असतात. आमच्या कारखान्यात तशीच घेतात.” (दाजी कारखान्यात टाइपरायटर बडवतात.)

मी मोठा कागद आणला, फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात शून्य धरलं, रुंदी-उंची दोन्ही सोळापट केली. कागदभर उमटला मामाच्या सासऱ्यांचा बूट! नाडीसकट!

“आणि आई कुठाय?” ताई म्हणाली.

मी हिशेब केला. “उजवीकडे सात फूट चार इंच, पुढे चार फूट.”

कागद ओसरीवर होता. टेप घेऊन आम्ही तिघं पायरी उतरलो, कुंपण ओलांडलं. टेप थांबली ती कमलक्कांच्या तुळशीपाशी.

“येनप्पा, काय रे बाबा, माझ्या तुळशीला झबलं शिवतोस काय?” कमलक्का पाठीमागे उभ्या.

“आई इथं आलीय,” मी म्हणालो, आणि मला रडूच फुटलं. अप्पांची गाडी उद्या सकाळी येणार होती.

त्या हसल्या नाहीत. (हसायचं ते पुढं आठ दिवस हसल्या.) ओसरीवर बसून म्हणाल्या, “कोपऱ्यापासून सोळापट केलंस, तर आई पण कोपऱ्यापासून सोळापट लांब जाणार की! शून्य तिच्या कुंकवावर ठेव. शून्य सोळापट केलं तर किती?”

“शून्यच.”

“सरी, बरोबर. म्हणजे कुंकू जागचं हलणार नाही. बाकी सगळं त्याच्यापासून लांब जाऊ दे. रुंदीला सोळा, तर उंचीलाही सोळाच. कागद कमी पडला तर कागद जोड, आईला दाबू नको!”

कुंकवाचा ठिपका मी कागदाच्या मधोमध दिला. मग भुवया आल्या, नाक आलं, डाव्या गालावरचा तीळ आला. मापं घेईपर्यंत फोटोत तो तीळ मला कधी दिसलाच नव्हता.

सकाळी अप्पांनी टोपी काढली आणि चित्रापुढे उभे राहिले. एकदा लांबून बघितलं, एकदा जवळून. मला वाटलं, परत आत्याबाई!

“हीच,” ते म्हणाले. “माझ्यावर रागावली की अशीच बघायची.”

कमलक्का काही घेत नाहीत. म्हणतात, “मॅट्रिकला बस, तेवढं पुरे.” बसणार आहे. कधीतरी मार्कांचा कागद त्यांच्या हातात ठेवीन, हा माझा शब्द. मार्क कमी पडले तर मोठे कसे करायचे, ते मला आता येतं. फक्त गणितात शून्य मिळू नये. ते सोळापट केलं तरी जागचं हलत नाही!