कोंडाजीनं पडदा सोडलाच नाही

नाशकातल्या हौशी नाटकमंडळींच्या पडद्याचा दोर सोळा वर्षं कोंडाजीच्या हातात होता. भैरवी संपली की दोर सोडायचा, इतकं सोपं काम! पण सन पस्तीस साली मंडळींनी नव्या तऱ्हेचं नाटक घेतलं. खुर्च्या, टेबल, खराखुरा चहा, अन् पद एकही नाही!

"मग पडदा कशावर सोडू, मास्तर?" कोंडाजीनं तालीममास्तरांना विचारलं.

"शेवटी नवराबायको गप्प होतात. मनात पाच आकडे मोजायचे अन् सोडायचा. आजकालची जोडपी अशीच, कोंडाजी. मनातलं बोलत नाहीत!"

"आजकालची?" कोंडाजी खो-खो हसला. "आमच्या घरी पडदा कवाच पडला असता!"

त्याची झुंबरबाई लग्नापासून त्याच्याशी सरळ बोललीच नव्हती. सासूसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नाही, म्हणून ती दारातल्या बकरीला सांगायची, "अगं ए, तुझ्या मालकाला म्हणावं, भाकरी निवतीय!" मालकही बकरीकडंच बघून म्हणायचा, "मालकिणीला सांग, आलो!" सासू गेली, सवय राहिली, अन् संसार झकास चालला. मात्र गेल्या बुधवारी कोंडाजीनं शिवायला घरी आणलेली पडद्याची झालर बकरीनं फस्त केली! कोंडाजी असा भडकला की तिला तडक देवळाली कॅम्पच्या बाजारात विकून आला. झालं! बोलायला मधे कुणी उरलंच नाही. घर चिडीचूप. झुंबरबाईनं माहेराहून, देवळ्याहून, भावाला, भिकाला, बोलावून घेतलं अन् गाठोडं बांधलं. 'जाऊ नको' कोंडाजीच्या ओठांवर आलं, पण सांगायचं कुणाला? चुलीला?

"नाटक बघू अन् तशीच देवळ्याची मोटार धरू, आक्का," भिका म्हणाला.

रविवारी दुपारी कोंडाजीनं विंगेतून डोकावलं. बायकांच्या बाकावर झुंबरबाई, मांडीवर गाठोडं!

शेवटच्या प्रवेशात रंगमंचावर नवरा म्हणाला, "चहा गार झाला." बायको म्हणाली, "हो." अन् दोघं गप्प.

एक, दोन, तीन, चार, पाच! पडदा पडला की खेळ सुटणार, खेळ सुटला की मोटार सुटणार! कोंडाजीनं दोर मनगटाला गच्च गुंडाळला.

समोरच्या विंगेत मास्तर 'सोड, सोड' अशा खुणा करत नाचायला लागले. नवऱ्यानं रिकामा कप तिसऱ्यांदा तोंडाला लावला. बायकोनं तोच पदर पाचदा सारखा केला. मागून शिट्टी आली. "निजले का काय रे दोघं?" "पद म्हणा, पद!"

तेवढ्यात बायकांतून खणखणीत आवाज आला, "अवो! सोडा की तो दोर! लोकं हसत्यात तुमाला!"

झुंबरबाईच होती ती! अवो! थेट कोंडाजीलाच! तो अर्धा विंगेबाहेर आला अन् ओरडला, "सोडतो! पण तू जाऊ नको!"

"आत्ता बोलताय व्हय? चार दिस दातखीळ बसली व्हती का?"

"व्हती!"

सगळं थिएटर खदखदलं. भिका उठून उभा. "आक्का, मोटार!"

"तू जा रे. मला यांच्यासंगं भांडायचंय!"

टाळ्यांच्या कडकडाटात कोंडाजीनं दोर सोडला अन् पडदा खाली यायच्या आत प्रेक्षकांत उडी घेतली.