टोचला त सांगजो

उजव्या हाताची करंगळी कानात घालून ती गदागदा हलवायची, मग करंगळीच्या टोकाकडे असं पाहायचं की जणू तिच्यावर काही लिहून आलंय, आणि मग म्हणायचं, "टाकून पाहय. टोचला त सांगजो."

नागपूर जिल्ह्यात ज्यानं ज्यानं म्हणून खांद्याला गिटार लटकवली, त्यानं हे वाक्य भाऊंच्या तोंडून ऐकलेलं आहे. ऐकलं नसेल तर तो गिटार वाजवत नाही, नुसती लटकवतो.

भाऊ आमच्या ऑर्केस्ट्रात मेन गिटारवर. मी दुसऱ्या गिटारवर, म्हणजे भाऊ वाजवत असताना मान हलवायची आणि ते पाणी प्यायला थांबले की वाजवायचं. ज्योती गाणारी. तालमी दर रविवारी सकाळी, रामदासपेठेत ज्योतीच्या घराच्या गच्चीवरल्या खोलीत. भाऊ कन्हानवरून येत. सारी नोकरी त्यांनी तिकडच्या कोळसाखाणीच्या पंखाघरात काढली. खाणीत हवा ढकलणारा तो पंखा एवढा दांडगा होता, की दुरुस्तीसाठी बंद केला तर गावातले कावळे तोल जाऊन पडत. भाऊ म्हणत, "मले त तो तानपुरा वाटे गा. जनमभर त्याच्याच सुरात गुणगुणलो." आम्ही हसत असू. त्या तानपुऱ्यानं काय केलं ते कळायचं होतं.

आता डब्याबद्दल सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कोणत्या डब्याचं रडगाणं गाऊन राहिला. पूर्वी गिटारवाल्याला आवाज पाहिजे तर कपाटाएवढा स्पीकर ओढत न्यावा लागे. आता जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र मिळतं. जगातल्या साऱ्या नामांकित कपाटांच्या नकला त्याच्या पोटात असतात. गिटार त्याला जोडायची, बटणं फिरवून मनासारखा आवाज बनवायचा आणि नाव देऊन ठेवून द्यायचा. गंमत म्हणजे तो बनवलेला आवाज फोनवरून दुसऱ्याला पाठवता येतो. तोच डबा त्याच्याकडे असला की त्याच्या घरी तुमचा आवाज हजर.

भाऊंनी असा डबा घेतला आणि विदर्भाचा स्वयंपाकच बदलून टाकला. बाकी जग आवाजाला इंग्रजी नावं देतं. भाऊंच्या आवाजांची नावं होती सावजी, तर्री, पाटोडी, भरडा, सारी आमच्याकडच्या जेवणातली. सावजी म्हणजे खवळलेला, रश्श्यासारखा लालभडक आवाज. खाप्याच्या एका लग्नात भाऊंनी सावजी लावला तेव्हा नवरदेवाची घोडी वरात सोडून थेट नदीच्या पात्रात जाऊन उभी राहिली. नवरदेव वरच होता. बरं, नवरदेव वर नव्हता, तेवढं मी वाढवलं. घोडी मात्र गेली होती, खाप्यात विचारा.

बनवला आवाज की भाऊ तो फोनवरल्या वादकांच्या ग्रुपवर टाकत आणि टाकल्याबरोबर एकेकाला फोन करत. "आला का? टाकून पाहय. टोचला त सांगजो." दुसरे वादक आपले आवाज तिजोरीत ठेवतात, भाऊ रस्त्यावर मांडत. कामठीचे, सावनेरचे, कुठचे कुठचे वादक घेऊन जात. अट एकच. "बिघडवायचा तेवढा बिघडव, पण नाव बदलायचं नाही. पाटोडी माही, तिखट तुह्यं." म्हणून आमच्या सगळ्यांच्या डब्यात एकाच नावाचे आवाज होते आणि प्रत्येकाचा थोडा वेगळा होता. हे ध्यानात ठेवा, पुढे यानंच घात केला.

आधी ज्योतीच्या लक्षात आलं. एका रविवारी भाऊ चहाला खाली गेले तशी ती मला म्हणाली, "दादा, भाऊचा आवाज सुईवानी कानात जाऊन राहिला. मले सूरच सापडत नाही."

"नवीन तारा असतील," मी म्हटलं.

"मागच्या रविवारीही नवीन होत्या का?"

मी भाऊंचा ताजा भरडा आपल्या डब्यात घेतला आणि माझ्या दाढा शिवशिवल्या. आवाजाची धार ज्या बटणानं वाढते ते ट्रेबल. भाऊंनी ते पार वर नेलं होतं. त्यानंतर आलेल्या आवाजात त्याच्याही वर. मग आम्हाला बाकीच्या गोष्टी दिसायला लागल्या. खिशात फोन वाजायचा आणि भाऊ साखर ढवळत बसायचे. गच्चीवर चिमण्यांनी गोंधळ घातलेला असायचा आणि भाऊ म्हणायचे, "आज चिमण्या नाही आल्या वं, ज्योती." बारीक, उंच आवाज त्यांना सोडून चालले होते, म्हणून ते धार वाढवत चालले होते. जनमभराच्या तानपुऱ्यानं आपली बिदागी वसूल केली होती.

डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तर तेही झालं नाही. कारण भाऊंनी एकदा, तब्येत ठणठणीत असताना, पोहे खाता खाता सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी माहे कान गेले ना गा, त्या दिवशी हा डबा घेऊन पुलावर जाईन आन कन्हान नदीत सोडून देईन. बहिऱ्यानं लोकायले आवाज वाटू नये." आम्ही तेव्हा हसलो होतो. आता कोणी हसेना. पंखाघर सुटलं होतं. पोरगी लग्न होऊन दूर गेली होती. भाऊंच्या आठवड्याला खुंटी होती ती त्या डब्याची. ती काढली तर माणूस कशावर टांगायचा?

मग आम्ही सगळ्यांनी मिळून असा कट रचला की राज्य उलथवणाऱ्यांनी शिकवणी लावावी. कार्यक्रमात भाऊंचा डबा मिक्सरला लागे, तिथे मिक्सरवाला गुपचूप धार कमी करी. पाठवलेला आवाज आला की प्रत्येकजण आपापल्या डब्यात ट्रेबल खाली आणी आणि फोन उचलून म्हणे, "कडक, भाऊ. लोण्यावानी." कामठीच्या एका पोट्ट्यानं तर "भाऊ, यंदाची तर्री आयकून मी रडलो," असं सांगितलं. रडला असेलही, कानदुखीनं.

आणि भाऊ प्रत्येक वेळी विचारत, "टोचला त नाही ना?"

"छे, भाऊ."

एका दुपारी ज्योतीला कुठलासा आवाज हवा होता, तिच्या मामेभावासाठी. म्हणाली, पाटोडी टाका. मी टाकली. पाठवायची होती तिला, गेली ग्रुपवर. आणि गेली ती माझी, धार उतरवलेली. नाव तेच, पाटोडी. काढून टाकेपर्यंत भाऊंनी ती घेतलीही होती. आपल्या अन्नाचं नाव दिसलं की माणूस ताट ओढणारच.

फोन आला. मी उचलला.

"काय गा, पाटोडी तू टाकली काय?"

"हो भाऊ. चुकून."

"लयच दबलेली लागून राहिली. घोंगडं पांघरल्यावानी." कोणतं बटण किती खाली आणलंय त्याचे आकडे डब्यावर दिसतात. भाऊ ते पाहत होते हे मला कन्हानपर्यंत दिसत होतं. मग म्हणाले, "फोननं बिघडली असंन. फोनचा काही भरोसा नाही." आणि ठेवला.

पुढच्या रविवारी भाऊ आले नाहीत. ताप म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी आले, डबा घेऊन आले, करंगळी कानात घातली आणि नवीन आवाज दिला. तो ऐकून मी आणि ज्योती एकमेकांकडे पाहतच राहिलो. मऊ. गोल. उन्हातून आल्यावर माठाला गाल लावावा तसा. त्यानंतर आलेला प्रत्येक आवाज तसाच. आम्हाला एकाही बटणाला हात लावावा लागेना. भाऊंचे कान परत आले यावर आमचं एकमत झालं. कोणी म्हणालं तेल घातलं असेल, कोणी म्हणालं पंखाघर सुटलं त्याचा गुण. कामठीच्या पोट्ट्यानं पेढे आणले, कशाचे ते भाऊंना न सांगता. भाऊंनी दोन उचलले. कशाचे, ते विचारलं नाही.

एवढं मात्र खरं की फोन अजून खिशात वाजत राहायचा. आम्ही तिकडे पाहिलं नाही.

भाऊ गेले ते एका सकाळी, अंघोळीसाठी पाणी काढता काढता. हृदय थांबलं. आदल्या रविवारी तालमीला होते.

तेरवी झाल्यावर मी आणि ज्योती कन्हानला भाऊंच्या घरी गेलो. वहिनींनी आम्हाला बसवलं, गुळाचा चहा दिला. डबा दिवाणाजवळच्या स्टुलावर होता, गिटार त्याला जोडलेलीच, वर धुतलेला रुमाल. शेजारी हेडफोनच्या दोन जोड्या. दोन कशाला, ते मला कळेना. वहिनींना गाण्याबजावण्याचा तिटकारा, हे भाऊच सांगत.

"एक माही," वहिनी म्हणाल्या.

मग त्या सांगत गेल्या, परातीत तांदूळ निवडावेत तशा खाली पाहत. "त्या दिवशी तुमची पाटोडी आली ना, त्या दिवशी हे काही बोलले नाही. डबा पिशवीत घातला आन निघाले. मले समजलं. मी मागं मागं गेली. पुलावर गाठलं. म्हटलं, टाकायचा असंन त टाका, पण इतक्या वर्षांत मले एकदाही आयकवला नाही तुमी. आधी आयकवा. मंग टाका."

"मग?"

"पुलावर लाइट कुठून आणतीन? वापस घरी यावं लागलं."

ज्योती हसली आणि हसता हसताच तिनं ओढणी तोंडाला लावली.

"मंग रोज दुपारी बसवत मले. हे कानाले लावून. बटण फिरवत आन विचारत, टोचून राहिलं का वं? टोचलं की मी हात वर करत होती. हात खाली आला की हे तिथंच थांबत." त्यांनी हात वर करून दाखवला, वर्गातली मुलगी करते तसा. "मले त्यातलं काहीच समजत नाही, भाऊजी. पण टोचते कधी, ते त समजते."

"आम्हाला सांगितलं नाही भाऊंनी," मी म्हटलं.

"मी म्हटलं होतं सांगा म्हणून. त म्हणे, काहून सांगू? सारे जण माह्यासाठी एवढी मेहनत करून खोटं बोलून राहिले. त्यायचं मन मोडंन."

मी डब्यावरला रुमाल काढला. मग डबा सुरू केला. पडद्यावर एकेक नाव सरकत गेलं. भरडा, तर्री, सावजी, पाटोडी. आणि शेवटी एक नाव, जे आम्हाला कधी आलंच नव्हतं. वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, गुळाचा चहा.

"वहिनी, हा कोणता?"

वहिनी जवळ आल्या, अक्षरं लावली, मग माझ्याकडे पाहिलं. "हा मी नाही आयकला. जायच्या आदल्या दिवशी मी कामठीले गेली होती, बहिणीकडे. तवा एकट्यानंच केला असंन." आणि मग, "वाजवा."

त्यांनी आपले हेडफोन कानाला लावले, मी दुसरे. मी गिटार घेतली आणि हलक्या हातानं एकच सूर काढला.

कान चिरत गेला. ती धार नव्हतीच, नुसतं पातं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते आधी दुखण्याचं होतं. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आवळला गेला होता, जबड्याची शीर वर आली होती, आणि दोन्ही हात मांडीवर होते. माझा हात आपोआप ट्रेबलच्या बटणाकडे गेला.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "यायले हा गोड लागला असंन."

मी पुन्हा सूर छेडला. त्यांनी डोळे मिटून घेतले. तो संपेपर्यंत मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो, आणि हात काही वर झाला नाही.