शामरावची कॅसेट

हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखीच्या माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही, हे शाळेपासूनचंच आहे.

मी अमरावतीला राहते, घरूनच काम करते. काम करताना कानात ऐंशीच्या दशकातली आफ्रिकन नाचाची गाणी चालू असतात. नायजेरिया, घाना, दक्षिण आफ्रिका. सिंथेसायझरचा रबरासारखा ताणला जाणारा आवाज, मशीनच्या टाळ्या आणि त्यावर मजेत गाणारं कुणीतरी. ही विसरलेली गाणी आता जगभर लोक पुन्हा शोधून काढताहेत. माझंही नेटवर एक छोटं पेज आहे — तिथे माझा फोटो नाही, खरं नाव नाही. इतरांनी शोधलेलं मी जोडून वाजवायचे. माझं असं काहीच नव्हतं. हे आधी सांगायला हवं, नाही का? की मला काहीतरी स्वतःचं हवं होतं.

दिवाळीत अकोल्याला आत्याकडे गेले होते. चादर काढताना तिच्या कपाटात साड्यांच्या खाली एक कॅसेट सापडली. वर नुसतं ‘शामराव’. आतोबांचं नाव शामराव नाही. साड्यांखाली कॅसेट कोण ठेवतं? का ठेवतं? मी विचारलं नाही. मी विचारत नाही, बघत राहते. ‘नेऊ का ऐकायला?’ एवढंच म्हटलं. आत्या क्षणभर थांबली — मला तरी तसं वाटलं — आणि म्हणाली, “ने. पण आणून देजो.”

घरी ऐकली, आणि ती नायजेरियन गाणी निघाली. मी कधीच न ऐकलेली, नेटवर कुठेही नसलेली. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून भरलेली असावीत, कारण मधूनमधून खोलीतले आवाज येत होते. शेवटचं गाणं संपता संपता एक मुलगी हसते आणि म्हणते, “शामराव, बंद कर नं ते. जेवाले चाल, वरण थंडं होऊन रायलं.”

आत्या. विशीतली, पण आत्याच.

तेवढा भाग मी कापला. गाणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून, असं स्वतःला सांगितलं. पण खरं — शाळेत मी एकदा ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हटलं होतं आणि वर्ग हसला होता. बाहेरच्या देशातले लोक ऐकणार, आणि त्यात वरण? त्यांना वऱ्हाडी काय कळणार होती? पण मला कळत होती.

गाणी टाकली. खाली लिहिलं: अकोल्याच्या भंगारात सापडली. आत्याचं नाव नको, प्रश्न नकोत. शिवाय भंगारात सापडली म्हणजे मी शोधली. लोकांनी फार कौतुक केलं. मला ते आवडलं.

मग नायजेरियातून मेसेज आला. सॅम्युअल नावाचा कुणी वयस्कर माणूस. अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शिकलो, ही कॅसेट मी एका मैत्रिणीला दिली होती, ती कशी आहे, तुम्हाला माहीत आहे का? प्रोफाइलवर फोटो नव्हता. (माझ्या तरी कुठे होता?) नायजेरियातून मेसेज म्हणजे फसवणूक, हेच वाचत आलेलो आपण. आता पैसे मागेल, म्हणून मी वाट पाहिली. त्यानं मागितले नाहीत. मी उत्तर दिलं — भंगारवाल्याकडून घेतली, मालक माहीत नाही.

त्यानं आभार मानले. लिहिलं, शेवटी एका मुलीचा आवाज आहे का बघा, नसेल तर ही दुसरी कॅसेट असेल. आणि इंग्रजी अक्षरांत, मोडकंतोडकं — वरण थंडं होऊन रायलं. सोबत स्वतःचा नंबर. ती भेटली तर द्या, म्हणाला.

तो भाग मी कुठेही टाकलेला नव्हता. म्हणजे माणूस खरा होता. संशयाला जागाच उरली नव्हती — मग मी काय केलं? संशय आत्याकडे वळवला. काय होतं या दोघांत? आतोबांना कळलं तर? या वयात त्यांच्या घरात वादळ कशाला? किती समजूतदार वाटले मी मला! सगळं संभाषण पुसलं, नंबरासकट. त्याला ब्लॉक केलं.

कॅसेट परत द्यायला गेले तेव्हा ती आतोबांनीच माझ्या हातातून घेतली आणि हसले. “शामरावची हाय काय? कॉलेजात आमच्या दोघाइच्याच मेसमंदी जेवाचा. सॅम्युअल म्हनता येये ना, म्हनून मेसवाल्या काकूनं शामराव केलं त्याले. पोळ्या मोजूनच द्या लागे.”

“तुमच्यापेक्षा दोन कमीच खाये,” आत्या म्हणाली.

मग दोघं सांगत राहिले. तो गेल्यावर काही वर्षं पत्रं आली, पुढे थांबली. दोघांनीही जुन्या बॅचच्या लोकांना विचारून पाहिलं, पत्ता लागला नाही. आणि साड्यांखाली का? अकोल्याच्या उन्हाळ्यात फीत चिकटते, म्हणून. आतोबांनीच ती जागा सुचवली होती.

आत्या मेथी निवडत होती. गाणी नेटवर टाकली एवढंच मी आईला सांगितलं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. मान खाली ठेवूनच तिनं विचारलं, “तू नेटवर टाकली म्हने गानी. कोनी ओयखली काय व पोरी?”

फोन माझ्या मांडीवर होता. ब्लॉक काढायला कितीसा वेळ लागतो? पण त्याला लिहायचं तर भंगाराचं खोटं होतं हे लिहावं लागलं असतं. आत्याला सांगायचं तर मी काय पुसलं तेही.

“नाही,” मी म्हणाले.

“कोन ओयखन म्हना,” ती म्हणाली. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं नाही. मी पाहिलं असतं.

बऱ्याच महिन्यांनी मी ब्लॉक काढला. ते खातं आता सापडत नाही. आत्यानं पुन्हा विचारलेलं नाही, आणि मी तिला सांगितलेलं नाही.