पाणचक्कीवरचं दळण

टोरोंटोजवळच्या आमच्या मिल्टनच्या मराठी ग्रुपबरोबर एकदा प्रवास केला की वर्षभर पुरतील एवढे किस्से जमतात. व्हॅन मी चालवायचो. शाळा नववीत सुटली, पण पुढे मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात भांडी घासताना फ्रेंच कानावर पडलं, म्हणून दुभाष्याही मीच. चारचौघांत बोलायची मला लाज वाटते, ही अडचण कोणी विचारात घेतली नाही.

जीपीएस नवीन आला होता, तेव्हाची गोष्ट. क्विबेकमधलं एक खेडं बघायचं ठरलं. ऐतिहासिक असं तिथे तीनच: छपराचा लाकडी पूल, चर्च आणि पाणचक्की.

*

पुलाशी पाटणकर काकांनी मला व्हॅन थांबवायला लावली. काका रिटायर्ड इंजिनियर. वाकून तुळया बघितल्या आणि म्हणाले, "लोड फार होतोय. सगळे उतरा, चालत चला."

सगळे पलीकडे जाऊन उभे राहिले. मागून व्हॅन आली. पुढच्या सीटवर, एसीत, काका.

"ड्रायव्हरजवळ कोणीतरी जबाबदार माणूस नको?"

*

चर्च दोनशे वर्षांचं आहे म्हटल्यावर काका म्हणाले, "एवढं जुनं तर आमचं वाईचं न्हाणीघर आहे."

देशपांडे काकूंनी मात्र दारातच चपला काढल्या, म्हणून सगळ्यांनी काढल्या. तेवढ्यात फादर आले. चपलांच्या राशीकडे बघत थोडा वेळ थांबले, मग स्वतःचे बूट काढून शेजारी ठेवले.

काकू मला म्हणाल्या, "बघ, चांगल्या माणसाला सांगावं लागत नाही."

*

पाणचक्कीवर बेनवा आजोबा चाक फिरवून दाखवायचे. "हा शेवटचा उन्हाळा," ते म्हणाले. "लोक येतात, फोटो काढतात, जातात. गावची कमिटी म्हणते, चक्कीला कुलूप लावा."

मी मराठीत सांगितलं. सगळे "सो सॅड" म्हणाले आणि फोटो काढले.

काकू तेवढ्या व्हॅनकडे गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. थालीपिठाची भाजणी, न दळलेली. घरून आणली होती.

"मिक्सरवर पार माती होते रे तिची. विचार त्यांना, आधी काय दळलंय? मिरची नाही ना?"

मी अडखळत विचारलं. आजोबा म्हणाले, "आम्ही टूरिस्टांचं दळत नाही."

"टूरिस्ट कोण? मी गिऱ्हाईक आहे म्हणावं."

मी तसंच सांगितलं. आजोबांनी बाह्या सरसावल्या.

वास बाहेर गेला तशा गावातल्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. काकूंनी त्यांनाही सोडलं नाही. "तुम्हीपण आणा की दळण. डबा ठेवला की नंबर लागला, उभं राहायला नको. सांग रे यांना."

मी खाली बघत सांगितलं. काका म्हणाले, "वहिनी, फ्रेंचांना गिरणी शिकवताय?"

*

पुढच्या उन्हाळ्यात काकूंनी दोन डबे घेतले. "कुलूप असणार," काका वाटभर सांगत होते. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या.

वळणावरच चाकाचा आवाज आला. चक्कीच्या पायऱ्यांवर बिस्किटांचे डबे, एक बादली, अभ्र्यात बांधलेलं काहीतरी, सगळं ओळीत. माणूस एकही नाही.

काकू तडक आत गेल्या. "सांग त्यांना, आम्ही टोरोंटोकडून आलोय. लांबून."

मी सांगितलं. पिठाने भुवयांपर्यंत पांढरे झालेले बेनवा आजोबा मान वर न करता म्हणाले, "मादाम, डबा बादलीच्या मागे."